लहान गाडीचा पिकअप

आमच्या नेरच्या गॅरेजमध्ये जुने नटबोल्ट आणि किस्से कधी फेकले जात नाहीत. नटबोल्ट डब्यात साठतात, किस्से चहाच्या वेळी निघतात. निम्म्यांची सुरुवात एकच, "भाऊ, लहान गाडी हाये, पिकअप वाढवून दे!"

*

गजाननभाऊंची गाडी धापा टाकत आली. एअर फिल्टरचं झाकण उघडलं, तर आत कापूस! गच्च भरलेला.

"हे काय हो?"

"धूळ जाऊ नाही म्हून. घरचा हाये, पह्यल्या वेचणीचा!"

इंजिनाला श्वास घ्यायला जागा नव्हती, पण माल मात्र एक नंबर होता.

*

पंकजनं दणदणीत आवाजाचा सायलेन्सर बसवला. मी विचारलं, "वाढला का पिकअप?"

"पिकअप तेवढाच हाये भाऊ, पण पुढचे लोक बाजूले होऊन राह्यले!"

*

माझा पार्टनर दिनू म्हणजे सल्ल्यांचं दुकान. एका सरांना म्हणाला, "डिकीतलं वजन काढा, गाडी पळते."

सरांनी फवारणीचा पंप, जॅक, स्टेपनी, सगळं घरी ठेवलं. गाडी खरंच पळाली. पार लांब ढाणकीला जाऊन पंक्चर झाली!

सरांचा फोन आला, "दिनू, स्टेपनी घेऊन ये. अन् बसनंच ये, नाहीतर तुह्या गाडीचा पिकअप कमी होईन!"

*

मोतीरामकाकांचा तांडा बोरी अरबजवळ, चढावर. त्यांची गाडी तिथे अर्ध्यातच बसायची. त्यात मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते, तेही चांगले वजनदार.

"सोयऱ्यायले धक्का माराले लावला, तर माह्या पोरीचं कसं जमन?" काकांचे डोळे भरून आले. मलाही वाईट वाटलं. प्लग बदलले, फिल्टर बदलला, टायरमध्ये हवा भरली.

निघताना मी सांगितलं, "एसी बंद ठेवा. तरी नाही चढली तर वळवून रिव्हर्समध्ये चढवा. त्यात जोर जास्त असतो."

संध्याकाळी काका पेढे घेऊन हजर! "चढली! पण रिव्हर्समध्येच."

"पाहुणे काय म्हणाले?"

"होणाऱ्या इवायानं इचारलं, उलटं काहून? म्या म्हटलं, आमच्या तांड्याची रीतच हाये. नवे सोयरे उलटेच वर येतात!"

सोयरीक जमली. लग्नाला मीही गेलो. वरातीची वाट पाहत काकांशेजारी मांडवाच्या दारात उभा होतो. खालून बँड ऐकू आला, धूळ उडाली, आणि काकांनी कपाळावर हात मारला.

नवरदेवाच्या गाडीसकट सगळ्या गाड्या, एकामागे एक, रिव्हर्समध्ये चढ चढत होत्या!