रातपाळीवाल्यांची सरिता

सरिता खंडारेचं झेरॉक्सचं दुकान शेलूबाजारात माझ्या घराखालच्या गाळ्यात आहे. दिवसभर सातबारे, दाखले, परीक्षेचे फॉर्म. शुक्रवारी दुपारी मात्र ती शटर अर्धं ओढते आणि ब्लॉग लिहिते. विषय एकच, ‘सात वेशी’ नावाची परदेशी मालिका. बर्फातल्या एका शहराला सात वेशी, प्रत्येक वेशीवर एक चिलखतातला घोडेस्वार, आणि मेल्याशिवाय वेस सोडायची नाही ही त्याची शपथ. मी ती पाहिली नाही, मला तेवढा धीर नाही. पण सरिताचं लिहिणं वाचत आले, कारण ते चांगलं होतं. नुसतं लढाया सांगत बसणारं नव्हतं. चिलखत घालून बसलेल्या माणसाला पाठ खाजवता येत नाही, तर तो काय करत असेल, असलं ती लिहायची.

ब्लॉग दोघांनी सुरू केला होता, तिनं आणि धाकट्या भावानं, विनोदनं. तो इंग्रजी ऐकून सांगायचा, ती लिहायची. पहिल्या लेखात तिनं या घोडेस्वारांना मालिकेतलाच शब्द ठेवला, ‘नाइट’. त्यांचे वडील देवमन काळीपिवळी जीप चालवतात. त्यांनी लेख वाचला आणि विचारलं, “मंग हे रातपाळीवाले काय गा?” विनोद हसता हसता खाटेवरून खाली आला. ब्लॉगचं नाव तिथंच पडलं: ‘रातपाळीवाले’. पुढे पुण्या-नागपूरची पोरं ते वाचायला लागली, वाद घालायला लागली.

विनोदला चूक सहन होत नसे. सातव्या वेशीवरच्या घोड्याला सरिता एकदा घोडी म्हणाली, तर हा भरल्या ताटावरून उठला. “घोड्याले घोडा म्हन, सरे.” तिला ‘सरे’ म्हणणारा जगात तो एकटाच.

दोन वर्षांपूर्वी स्पर्धा परीक्षेच्या निकालात त्याचं नाव पुन्हा आलं नाही. जीपथांब्यावर सगळ्या ड्रायव्हरांसमोर देवमन बोलून गेले, “तुह्या रातपाळीवाल्यायनं तुले दिवसपाळीचा नाही ठेवला.” लोक हसले. विनोदही हसला, म्हणतात. मग थांब्यावरच्याच अमरसिंग ड्रायव्हरच्या जीपमध्ये बसला आणि कारंजा गावाकडे गेला. एकदाच अनोळखी नंबरवरून फोन आला, “जिता आहे. शोधू नका.” तो नंबर लगेच बंद पडला. पोलिसांनी नोंद करून घेतली आणि सांगितलं, सज्ञान मुलगा आहे, आपल्या मर्जीनं गेला आहे.

सरितानं दुकान बंद ठेवलं नाही, ब्लॉगही नाही; इंग्रजी आता ती स्वतःच पुन्हा पुन्हा ऐकून लावायची. पण लिखाण बिघडायला लागलं. सातव्या वेशीचा घोडा पुन्हा घोडी झाला. पाचव्या वेशीवाल्याची जखम डाव्या हातावरून उजव्या हातावर गेली. वाचकांनी आधी प्रेमानं सांगितलं, मग टोमणे सुरू झाले. ‘ताई, तुम्ही मालिका बघता की नुसती ऐकता?’ ‘रातपाळीला झोप लागली वाटतं.’ मी खाली गेले आणि विचारलं, “काय चाललंय हे? चांगलं लिहिणारी पोरगी तू, चुका काहून करून राह्यली?”

तिनं झेरॉक्सचा कागद सरळ केला. “तो वाचत असन तर त्याले राहावणार नाही, मॅडम. एक तरी चूक सुधारायले येईनच.”

“आणि नाही आला तर?”

“मंग आनखी मोठी करीन.”

मी चिडले. म्हटलं, बाकीच्यांनी काय करायचं? ते सोडून जात आहेत. ती म्हणाली, “जाऊ द्या. मी त्यायच्यासाठी लिहून राह्यली नाही.” खरोखरच गेले लोक. एवढ्या कष्टानं उभं केलेलं नाव तिनं स्वतःच्या हातानं मातीत घातलं, आणि आलेल्या प्रत्येक टोमण्यात ‘सरे’ हा शब्द शोधत बसली. देवमन संध्याकाळी जीप लावून पायरीवर येत. मुलाचं नाव तोंडातून निघत नसे. विचारत, “कोनी चूक काढली काय?” ती म्हणे, “काढली बाबा. पन दुसऱ्यायनं.” ते उठून जात.

या पावसाळ्यात मालिका संपली. शेवटचा भाग. त्यानंतर चूक करायलाही काही उरणार नव्हतं. सरितानं सगळ्यात मोठी चूक याच भागासाठी राखून ठेवली होती. सातवा घोडेस्वार वेशीवर उभ्या उभ्या गोठून मरतो, तो वाचला असं ती लिहिणार होती. शुक्रवारी मी खाली गेले तेव्हा लेख ब्लॉगवर टाकून झाला होता. वाचला. त्यात घोडेस्वार मेला होता. घोडा, घोडाच, त्याच्या खांद्यावर मान टाकून उभा होता. दोन वर्षांत इतकं नीट तिनं काही लिहिलं नव्हतं.

“मग चूक?” मी विचारलं.

“नाही जमलं. मेलेल्याले जिता लिहिलं तर जित्याचं काही वाईट होईन, असं वाटलं. अंधश्रद्धा आहे, मालूम आहे मले. तुमी नका सांगू.”

मी जिना चढून वर आले.

शनिवारी, रविवारी काही आलं नाही. ती गिऱ्हाइकांशी बोलेना. एकाला दुसऱ्याचाच दाखला दिला. सोमवारी देवमन पायरीवर बसले होते, मी भाडेकराराची प्रत काढायला उतरले होते, आणि सरिता एकदम स्क्रीनपासून मागं सरकली. मी वाकून पाहिलं. नाव नसलेल्या कुणीतरी लेखाखाली लिहिलं होतं:

‘या खेपेले चूक काहून नाही केली, सरे?’

म्हणजे त्यानं सगळं वाचलं होतं. प्रत्येक चूक, प्रत्येक शुक्रवार.

देवमन आत आले. स्क्रीनवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. “इच्यार त्याले, कुठी आहे. म्हन, बापाचं चुकलं.” सरितानं ‘कुठी आहेस’ टाइप केलं, पुसलं. ‘घरी ये’ टाइप केलं, तेही पुसलं. “असं इच्यारलं की तो पळून जाते, बाबा.” मग तिनं दोनच शब्द लिहिले आणि पाठवले.

‘केली. शोध.’

मी वर येऊन तिच्या जुन्या, बिनचूक लेखांशी ताडत तो लेख पुन्हा पहिल्यापासून वाचला, शब्द न् शब्द. त्यात चूक एकही नव्हती.