गोठ्याशिवायचा इशारा

त्या घटनेचा विषय निघाला की आजही माझी मान ताठ होते. भीमेला मोठा पूर येणार होता आणि मंद्रूपच्या पुढे नदीकाठच्या एका गावातून माणूस हलत नव्हता. धरणातून इतके क्युसेक विसर्ग सुरू आहे, नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे, हा सरकारी इशारा सकाळपासून तीनदा भोंग्यावर वाचून झाला होता. लोक ऐकायचे आणि पुन्हा गोठ्यात जायचे.

दुपारी खबर आली की मोबाइलवर एक क्लिप फिरतेय. तहसीलमधून बोलतोय असं सांगून कुणीतरी म्हणत होता, माळावरच्या शाळेपाशी चाऱ्यापाण्याची सोय केलीय, जनावरं घेऊन या. अशी सोय कुणीच केली नव्हती. महसूलचे साहेब भडकले, आमच्या पोलीस ठाण्यात त्यांची लेखी तक्रार आली. स्टेशन डायरीत नोंद करून मी निघालो.

जीपमध्ये आमच्या हवालदाराने क्लिप चारदा ऐकली. मागे कॅन आपटल्याचे आवाज होते. डेअरीतच बोललेलं आहे, तो म्हणाला. खेड्यात वाढलेला पोलीस असा कामाला येतो.

दूध डेअरीच्या सचिवाने आधी कानांवर हात ठेवले. पण सराईत खोटारडा घाम पुसत नाही, हा सारखा पुसत होता. मी आवाज चढवला नाही. क्लिप लावली आणि फोन त्याच्यापुढे ठेवला.

"साहेब, तुमच्या इशाऱ्यात म्हशीचं नावच न्हाय," तो शेवटी म्हणाला. "दावणीला जनावर ठिवून कोण जाईल? खोटं बोललो, व्हय. घाला आत. पण लोकं निगाली की."

रस्ता खरंच गुरांनी भरला होता. मात्र वर चारा नाही हे कळताच सगळे माघारी येणार आणि पाण्यात सापडणार. गुन्हा कुठे पळून जात नव्हता. मी महसूलच्या साहेबांना फोन लावला आणि जरा तडकूनच म्हणालो, आधी चारा पाठवा, मग तक्रारीचं बघू. साहेबही दिलदार निघाले. तासाभरात उसाच्या वाढ्याचे दोन ट्रक शाळेपाशी उभे राहिले. मग त्याच सचिवाला मी भोंग्यावर उभं केलं. मराठीत आणि कानडीत, या वेळी स्वतःच्या नावानं, तो बोलला.

संध्याकाळी गावात पाणी शिरलं. माणूस गेला नाही, म्हैसही गेली नाही. तक्रार साहेबांनी स्वतःहून मागे घेतली. सचिवाला समज देऊन सोडताना त्याच्या पाठीवर थाप मारली, हे मात्र डायरीत लिहिलं नाही.

लोक सरकारचं ऐकत नाहीत, असं आम्ही वर्षानुवर्षं म्हणायचो. त्यांचा जीव कशात अडकलाय, हे कधी विचारलंच नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात नवा इशारा ठाण्यात आला, तो मी हजेरीच्या वेळी सगळ्या स्टाफसमोर मोठ्याने वाचला. पहिलीच ओळ जनावरांच्या चाऱ्याची होती. खाली सही साहेबांची होती, शब्द त्या सचिवाचे होते.