यादीतलं बारावं नाव

मी ज्या टीमची चाहती आहे तिचं नाव मी सहसा कोणाला सांगत नाही. वाशिममध्ये बहुतेकांना ते कळणार नाही, आणि ज्या दोघातिघांना कळेल ते हसतील. अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल लीगमधली ती टीम आहे आणि मी पाहायला लागल्यापासून ती बहुतेक हरतेच. तिथे संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे सकाळ. आई पोळ्या लाटत असते, बाबांची शाळेत जायची घाई चालू असते, आणि मी ओट्याला टेकून मोबाईलवर कोणीतरी फ्री थ्रो चुकवताना बघत असते.

खरं सांगायचं तर मला सामन्यांपेक्षा सामने नसतानाचे दिवस जास्त आवडतात. तेव्हा खेळाडूंची अदलाबदल होते, तिला तिकडे ट्रेड म्हणतात. तेव्हाच ड्राफ्ट होतो, म्हणजे नव्या पोरांना एकेक टीम पाळीपाळीने निवडते. पंधरा जणांची यादी कशी जमवायची, कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, हे वाचत मी तासन् तास बसू शकते. एक माणूस दुसऱ्या माणसाच्या मापाने कसा मोजतात, हे मला कधीच नीट उलगडलेलं नाही. गुडघा दुखणारा पण शेवटच्या मिनिटाला न घाबरणारा एक तिशीतला खेळाडू देतात, आणि बदल्यात दोन विशीतली पोरं घेतात, शिवाय सहा वर्षांनंतरच्या ड्राफ्टमधला एक नंबर. सहा वर्षांनी त्या नंबरवर जो निवडला जाईल तो आज कुठेतरी सातवी-आठवीत असणार. त्याच्या बदल्यात आज कोणीतरी घर बदलतंय, हे त्याला माहीतही नाही.

हे मी एकदा जेवताना बाबांना सांगितलं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. त्यांना समजवायला मला वेळच लागला नाही.

"म्हणजे आपसी बदली," ते म्हणाले.

बाबांनी स्वतः ती केली होती. त्यांना दूरच्या गावची शाळा मिळाली होती, आणि इथून जवळच्या रिठदकडच्या एका सरांना त्या दूरच्या गावी जायचं होतं. दोघांनी एकाच दिवशी अर्ज दिले आणि जागा बदलून घेतल्या. "त्या सरांले मी अजून भेटलो की म्हणतात, तुमी फसवलं मले," बाबा हसत म्हणाले. "पण तुह्या त्या पोरांले कोनी अर्ज करायले लावते काय?"

"नाही. त्यांना कळवतात."

"मंग थे आपसी नाई. थे प्रशासकीय बदली."

आईला ड्राफ्टबद्दल जास्त कुतूहल होतं. सगळ्यात जास्त हरलेल्या टीमला पहिल्यांदा निवडायची संधी मिळण्याची शक्यता जास्त असते, हे ऐकून तिने पोळी तव्यावरच राहू दिली. "हरले म्हनून पैला नंबर? मंग कोनी जिंकन कायले?" तिकडचे तज्ज्ञ वर्षानुवर्षं ज्यावर भांडतात तो मुद्दा आईला पोळी करपायच्या आत सापडला होता.

एवढं सगळं माहीत असूनही मी स्वतः कधी खेळले नाही. शाळेत असताना मी स्कोअर लिहायचे. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसायचं, कोणाशी बोलायचं नाही, आणि तरी सगळं बघायला मिळायचं. माझ्यासाठी ती जागा अगदी बरोबर होती. कॉलेज संपवून मी परत घरी आले, परीक्षांचा अभ्यास करू लागले, तेव्हा आमच्या शाळेचे क्रीडाशिक्षक एकदा बाजारात भेटले.

"तू अजून थे अमेरिकेचं पाहून राह्यली ना?" त्यांनी विचारलं. "मंग ये मैदानावर. शालेय स्पर्धेसाठी पोरींची बास्केटबॉलची टीम करायची हाय. चौदा येतात, बारा घ्यायच्या. मी एकटा कोनाकोनाले पाहू?"

मी "बघते" म्हणाले. सरांनी त्याचा अर्थ "हो" असा घेतला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वही घेऊन त्या जुन्या जागी बसले.

चौदातल्या अकरा मुली कोणीही डोळे मिटून घेतल्या असत्या. एक मुलगी दोनच आठवड्यांपूर्वी आली होती, तिला अजून चेंडू टप्पा टाकत नेता येत नव्हता. राहिल्या दोघी, आणि जागा एक.

त्यातली एक नववीतली, वाशिमचीच, सगळ्यांपेक्षा अर्ध्या डोक्याने उंच. तिचा हात सुंदर होता. चेंडू सोडताना मनगट असं वळायचं की तो जाळीत पडणार हे आधीच कळायचं. दुसरी आठवीतली, शिरपूर जैनहून एसटीने रोज येणारी, बुटकी, घामाने केस कपाळाला चिकटलेली. ती बास्केट क्वचितच करायची. तिच्याबद्दल सरांनी मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. तिच्या वडिलांनी सांगितलं होतं की यादीत नाव आलं तर प्रॅक्टिसला थांबायचं आणि नंतरच्या गाडीने यायचं; नाही आलं तर शाळा सुटल्याबरोबर घरी. म्हणजे तिच्यासाठी बारावं नाव ही नुसती बाकावरची जागा नव्हती. ते नाव नसेल तर तिचं खेळणंच संपणार होतं.

हे ऐकून मला वाईट वाटलं, पण वाईट वाटण्यावर यादी करायची नाही, असं मी मनाशी ठरवलं. इतकी वर्षं मी तिकडच्या टीमवाल्यांना भावनेच्या भरात खेळाडू निवडतात म्हणून नावं ठेवत आले होते. म्हणून मी आठवडाभर मोजलं. प्रत्येकीसमोर रेघा. किती वेळा चेंडू टाकला, किती वेळा पडला. उंच मुलीसमोरच्या रेघा शिरपूरच्या मुलीच्या तिपटीने निघाल्या. मी कागदावर अकरा नावं लिहिली आणि बाराव्या ठिकाणी उंच मुलीचं नाव लिहिलं. यादी दुसऱ्या दिवशी दुपारी ऑनलाइन भरायची होती.

त्या संध्याकाळी सरांना मीटिंग होती, ते उशिरा येणार होते. मुली थोडा वेळ टंगळमंगळ करत राहिल्या, मग त्यांनी आपणच टीम पाडायला घेतली. आपण लहानपणी गल्लीत पाडायचो तशीच. दोघी कॅप्टन एका बाजूला उभ्या राहिल्या. बाकीच्यांनी जोड्या केल्या. प्रत्येक जोडीने दूर जाऊन एकमेकींच्या कानात खोटी नावं ठेवली, आणि खांद्यावर हात टाकून परत येऊन विचारलं.

"गुलाब पाहिजे का मोगरा?"

"मोगरा!"

जी मोगरा होती ती इकडे, गुलाब तिकडे.

हा खेळ मी शंभरदा पाहिला असेन. पण त्या दिवशी वही मांडीवर होती म्हणून की काय, मला पहिल्यांदा दिसलं की खरी निवड कॅप्टन करतच नाहीत. त्यांना आंधळेपणाने एक नाव घ्यायचं असतं. निवड त्याच्या आधी झालेली असते, जोडी करताना. जोडीतली एक इकडे आणि एक तिकडे जाणार, म्हणून दोन्ही बाजू समान व्हायला जोडी बरोबरीचीच लागते. आपल्या बरोबरीची कोण, हे प्रत्येक मुलीला स्वतः ठरवावं लागतं, सगळ्यांसमोर, दहा सेकंदांत. तिकडे कोट्यवधी खर्चून माणसं जे शोधतात ते इथे या मुली पाण्याच्या बाटल्या खाली ठेवता ठेवता उरकत होत्या.

आणि आमच्या टीममधली सगळ्यात चांगली खेळाडू, जिच्याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं, ती सरळ चालत शिरपूरच्या मुलीकडे गेली. "चाल वं," म्हणाली, आणि तिच्या गळ्यात हात टाकून तिला झाडाखाली घेऊन गेली.

कोणालाच त्यात काही विशेष वाटलं नाही. म्हणजे हे रोजचंच होतं.

उंच मुलगी थोडा वेळ इकडेतिकडे बघत उभी राहिली. शेवटी तिची जोडी लागली दोन आठवड्यांपूर्वी आलेल्या मुलीशी.

खेळ अर्धा झाल्यावर ती चांगली खेळणारी मुलगी पाणी प्यायला माझ्याजवळ आली. मला अनोळखी माणसांशी बोलायला जड जातं, आणि पंधरा वर्षांच्या मुलींशी तर फारच. तरी मी विचारलं.

"तू तिलाच का घेतलंस जोडीला?"

"मंग कोनाले घेऊ, ताई?" तिला माझा प्रश्नच कळला नाही. "थे ज्या साईडले जाते थे साईड जिंकते. मी अन् थे एका साईडले आलो तर बाकीच्या पोट्ट्या खेळतच नाईत, रुसून बसतात."

"पण ती बास्केट तर करत नाही."

"थे कायले करन? थे आमाले करून देते न!"

ती पळत परत गेली. मी वहीकडे बघितलं. ज्या लीगबद्दल मी इतकं वाचते तिथे यासाठी वेगळा आकडाच असतो: हा खेळाडू मैदानात असताना टीम किती पुढे जाते, नसताना किती मागे पडते. तो आकडा मला वर्षानुवर्षं माहीत आहे. इथे येऊन मात्र मी रेघा मारल्या होत्या, कारण रेघा मारायला सोप्या. उरलेला अर्धा खेळ मी चेंडूकडे बघितलंच नाही, नुसतं त्या बुटक्या मुलीकडे बघितलं. ती सतत बोलत होती. "मागं!" "डावीकडं!" "आली आली, सोड!" तिची बाजू जिंकली. माझ्या जुन्या पद्धतीने तिच्यासमोर एकच रेघ आली असती.

सर आले तेव्हा मुली निघत होत्या. मी मनात तीनदा जुळवलेलं वाक्य एका दमात बोलून टाकलं, की बारावं नाव बदलायचं आहे.

"लंबी पोरगी बाहेर, अन् थे ठेंगणी आत?" सरांनी कपाळाला हात लावला. "समोरच्या टीमवाल्यांले किती आनंद होईन!"

मी त्यांना जोडीचं सांगितलं. ते हसले नाहीत, ह्याचं मला आश्चर्य वाटलं. "हे मी रोज पाहतो," ते म्हणाले, "पण मी तेव्हा मोबाईलवर असतो." मग कागदावर त्यांनी नाव बदललं. "ठीक हाय. पण लंबीले तू सांगशीन. बदल तुहा हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी यादी भरली गेली. संध्याकाळी शिरपूरच्या मुलीने ती फलकावर वाचली, दोनदा वाचली, आणि बूट बांधायला बसली. उंच मुलगी फलकाजवळ जायच्या आधीच मी तिला बाजूला बोलावलं.

तिकडे अशा वेळी टीमचे अधिकारी एक छोटं निवेदन काढतात, त्यात आभार असतात. माझ्याकडे तेवढंही नव्हतं. मी सांगितलं की तिचं नाव नाही.

"पण वहीत तर माह्या रेघा जास्त होत्या," ती म्हणाली. तिने वही बघितली होती, हे मला माहीत नव्हतं.

"हो. जास्त होत्या."

"मंग काहून?"

"मी चुकीचं मोजत होते."

"म्हंजे मी टाकलेले चुकीचे होते?"

मी मैदानाकडे बोट दाखवलं. कोर्टवर शिरपूरची मुलगी ओरडत होती आणि बाकीच्या तिचं ऐकून वळत होत्या. उंच मुलगी ते बघत राहिली.

"थे सांगते मागून कोन येऊन राह्यलं थे," ती शेवटी म्हणाली. "मले तर कळतच नाई मागचं. मले फकस्त जाळी दिसते."

इतकं नेमकं मी वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"ते शिकता येतं," मी म्हणाले. "पुढच्या वर्षीही टीम निघेल."

"पुढच्या वर्षी मी दहावीत. घरचे म्हनतात, खेळायचं थे यंदा. दहावी लागली की क्लास, अन् मैदान बंद."

शिरपूरच्या मुलीच्या घरी काय ठरलंय हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हिच्या घरचं मी कधी विचारलंच नव्हतं. ही गावातलीच, सायकलवर येते, हात सुंदर आहे, एवढ्यावर माझं कुतूहल थांबलं होतं. मी पुन्हा बदल करणार नव्हते. निवड बरोबर होती असंच मला वाटत होतं, आजही वाटतं. पण त्या निवडीची दुसरी बाजू माझ्यासमोर बुटाने माती उकरत उभी होती.

"घरी कोण म्हणतं बंद?" मी विचारलं.

"मोठा भाऊ. बाबा त्याचंच ऐकतात."

"आणि तुला यायचंय? टीममध्ये नसलीस तरी?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पुन्हा काहीतरी चुकीचं मोजत होते. "मंग मी रोज कायले येऊन राह्यली?"

गॅसच्या सिलिंडरसाठी फोन करायचा असला तरी मी तो आईकडे देते. तरीही मी म्हणाले, "मी बोलू का त्यांच्याशी? आठवड्यातून दोनच दिवस, दहावीतही. मी इथे असतेच."

"बोलसान तुमी?"

"बोलेन."

तिने नंबर सांगितला. मी तो मोबाईलमध्ये घातला आणि मोबाईल बंद करून पर्समध्ये टाकायला लागले.

"आत्ताच लावा न, ताई," ती म्हणाली. "या टायमाले तो दुकानात मोकळा असते."

ती तिथेच उभी राहिली. मी फोन लावला.