सीटवरचा रुमाल
इस्त्रीचे रुमाल कपाटात ठेवताना मला अमेरिकेत नवा असताना पिस्कॅटवेहून ज्या बसने पहिल्या इंटरव्ह्यूला निघालो होतो ती बस आठवते. वाटेत बस थांबल्यावर सवयीने सीटवर रुमाल टाकून मी कॉफीला उतरलो. पासपोर्टची बॅग बसमध्येच होती. इथे कंडक्टर नसतो, डोकी कोणी मोजत नाही, हे बस हलली तेव्हा कळलं. कॉफी सांडत बसमागे पळालो, तर ती वळणावर थांबली. दाराशी पोचलो तेव्हा शेजारच्या सीटवरच्या अमेरिकन आजी ड्रायव्हरला दटावत होत्या, "इतका नीट घडीचा रुमाल कुणी टाकून जात नाही. तो बघ, आला." माझा जीव भांड्यात पडला. आता सगळीकडे मीच ड्राइव्ह करतो. पण कधी विमानात बसलोच, तर जागेवरून उठताना रुमाल टाकूनच उठतो.