पान लागलं

माझ्या मराठीचा मला फार तोरा होता. पुण्यात मराठी शाळेत शिकले, निबंधांची बक्षिसं मिळवली. जालना जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात ड्युटी डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा भाषा अडेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. उलट इथले शब्द ऐकून मला मोठी गंमत वाटायची. पेशंट दुखणं सांगायचा आणि मी शब्दच विचारत बसायची.

एका सकाळी कुंभार पिंपळगावकडचा एक शेतकरी बायकोला उचलूनच आत घेऊन आला. चाळिशीची बाई, पापण्या मिटत चाललेल्या.

"हिला पान लागलं, मॅडम. कापूस येचून राह्यली व्हती."

पान लागतं हे मला माहीत होतं. एका लग्नात आमच्या काकांना लागलं होतं, घाम फुटून खुर्चीत बसले होते.

"तंबाखूचं होतं का? किती खाल्लं?"

"खाल्लं न्हाई ओ. लागलं."

"हो, पण साधं पान असं लागत नाही," मी त्याला समजावू लागले. मी तिचा रक्तदाब मोजला, तोंड उघडून विड्याचा लाल रंग शोधला. पाच-सात मिनिटं तरी गेली असतील.

तेवढ्यात सिस्टर आल्या. अंबडच्या, घरी उर्दू बोलणाऱ्या. त्यांनी एकदाच ऐकलं आणि बाईचा हात उलटा करून पाहिला. मनगटाजवळ दोन बारीक खुणा होत्या.

"मॅडम, साप चावलाय! जल्दी!"

"त्याचं नाव काहून घेता?" नवरा कळवळून म्हणाला.

मग सलाईन, विषावरची इंजेक्शनं, उशाशी श्वास द्यायचा फुगा. तिचा श्वास उथळ झाला तेव्हा मी फुगा दाबत राहिले. मी मनातल्या मनात तिची माफी मागत होते.

दुपारी श्वास सावरला. तेव्हा कुठे मी नवऱ्याला विचारलं, सापाला पान का म्हणायचं, त्याचं नाव का नाही घ्यायचं?

"घेतलं की त्याला ऐकू जातंय."

सापाला कान नसतात, हे अगदी जिभेवर आलं होतं. पण ते गिळून मी सलाईन तपासायला वळले.

संध्याकाळी तिच्या पापण्या उचलल्या. मी वाकून विचारलं, "मावशी, ऐकू येतंय का?"

"सकाळपासून येत व्हतं," ती जड आवाजात म्हणाली. "तुम्ही पानाचं इचारून राह्यलत्या, तवा बी. माझी जीभच वळंना."