धुतलेली झाकणं

गाळणीमामांचं खरं नाव आता पेन्शनच्या कागदावरच काय ते सापडेल. शहराच्या पाणीशुद्धी केंद्रात एकतीस वर्षं त्यांनी वाळूचे थर धुतले, पाण्यात औषध सोडलं आणि अख्ख्या शहराला नितळ पाणी पाजलं. त्या खात्याचा धर्म एकच, पाण्यात जिवंत म्हणून काही राहता कामा नये. नमुन्यात एखादा जंतू सापडला की साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांची पळापळ. अशा जागी आयुष्य काढलेला माणूस स्वच्छतेच्या बाबतीत किती हट्टी असेल, विचार करा! मामी म्हणायच्या, "यांच्या हातात चहा गाळायला द्या, चहा झाल्यावर गाळणीसुद्धा गाळतील." चेष्टा कळली नाही असं दाखवून मामा म्हणायचे, "गाळायलाच हवी."

त्यांना मूलबाळ नव्हतं. बहिणीची मुलगी पाचवीपासून त्यांच्याच घरी वाढली. शिकली, बियाण्यांच्या कंपनीत चांगली नोकरी धरली, आणि एक दिवस ती सोडून तिने बंद पडलेल्या खोक्यांच्या कारखान्याची शेड भाड्याने घेतली. एका बाजूला टाक्यांत मासे पाळायचे, त्यांचं मळकं पाणी दुसऱ्या बाजूच्या भाजीला द्यायचं, भाजीने ते साफ केलं की तेच पाणी परत माशांना. माती नाही, खत नाही. मामींनी कपाळावर हात मारून घेतला. मामांनी चप्पल घातली आणि ते बघायला गेले.

भाचीने मोठ्या हौसेने चौकोनी टाकी बांधून घेतली होती. मामांनी वाकून आत पाहिलं.

"हे चार कोपरे कशाला ठेवलेस? घाणीला राहायला खोल्या काढून दिल्यास होय?"

"मग कशी हवी?"

मामांनी काचेचा ग्लास मागवला. त्यात पाणी आणि चहाचा चोथा टाकून चमच्याने गरकन फिरवलं. चोथा आधी सैरावैरा पळाला, मग हळूहळू खाली बसत बसत बरोबर मधोमध गोळा झाला. भाची बघतच राहिली. ग्लासातला चहा तिने हजारदा ढवळला असेल, पण हे कधी दिसलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मामांनाही ते दर वेळी तेवढंच नवल वाटायचं. कुणी शिकवलं नाही, कुणी ढकललं नाही, तरी फिरत्या पाण्यातली घाण आपणहून मधे येते. "पाण्याला सगळं ठाऊक असतं गं," ते म्हणाले, "आपण फक्त त्याच्या वाटेत यायचं नाही."

मग चौकोनी टाकी फोडली आणि गोल झाली. तळ चारी बाजूंनी मधल्या भोकाकडे चार बोटं उतरता केला. पाणी वरून सरळ न सोडता कडेने तिरकं सोडलं, म्हणजे सगळी टाकी संथ फिरत राहील. तो वेग जमवायला मामांना आठवडा लागला. जास्त झाला तर मासे पोहून पोहून दमणार, कमी झाला तर विष्ठा तळाला बसून कुजणार. पाईपचं तोंड जरासं वळवायचं, चोथा टाकायचा, बघत बसायचं. रोज मामींच्या स्वयंपाकघरातला चोथा गायब.

टाकीतून निघालेलं पाणी आधी एका उंच, निमुळत्या तळाच्या पिंपात जाई. "पाण्याला घाई केली की ते ओझं घेऊन पळतं," मामा सांगायचे. "जरा टेकू दे त्याला, ओझं आपोआप खाली ठेवेल." पिंपात शिरलेलं पाणी खरोखर टेकायचं, जड घाण तळाला उतरायची आणि वरच्या काठावरून जवळजवळ स्वच्छ पाणी ओसंडायचं. तळाची तोटी रोज सकाळी उघडली की तपकिरी रबडी भसकन बाहेर. उरलेसुरले बारीक कण पुढच्या जाळीत अडकत. पाणी पहिल्यांदा सगळीकडून फिरून परत टाकीत पडलं, तेव्हा मामांनी ओंजळीत घेऊन उजेडाला धरलं. एवढं समाधान त्यांना केंद्रातही कधी मिळालं नव्हतं.

"झालं की!" ते म्हणाले. "आता ते शेवटचं पिंप कशाला?"

शेवटच्या पिंपात भाचीने बाटल्यांची हजारो प्लास्टिकची झाकणं भरली होती. खालून हवेचे बुडबुडे येत आणि झाकणं दिवसरात्र खदखदत राहत.

"मामा, माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया निघतो, तो पाण्यात विरघळतो. जाळीत अडकत नाही, तळाला बसत नाही. दिसतसुद्धा नाही, पण माशांना मारतो. या झाकणांवर जिवाणू राहतात, ते त्याला खातात आणि त्याचं झाडांचं खत करतात. त्यांचं बिऱ्हाड बसायला दीड महिना लागतो. इथे हात लावायचा नाही हं."

"गाळता येत नाही असं काही नसतं," मामा जरा फुगून म्हणाले. लहान मूल परीची गोष्ट सांगतं तेव्हा मान डोलवावी तशी त्यांनी मान डोलवली आणि ते बुळबुळीत पिंप मनातून वगळून टाकलं.

तीन महिन्यांत मासे वीतभर झाले. तीनशे मासे! आणि भाजी तर अशी की बघणाऱ्याने पानाला हात लावून खरी आहे ना हे पाहावं. एका मोठ्या हॉटेलवाल्याने दर आठवड्याला मासे आणि भाजी घ्यायची तयारी दाखवली. रविवारी तो शेड बघायला येणार होता. सौदा जमला तर शेड राहील, नाही जमला तर पुन्हा नोकरीचे अर्ज, हे भाचीने मामांना स्पष्ट सांगितलं होतं. त्याच आठवड्यात तिला रोपांसाठी चार दिवस परगावी जावं लागलं. जाताना तिने किल्ली मामांच्या हातात ठेवली.

आणि मामांनी शेड चकाचक केली. फरशी, काचा, पाईप, टाक्यांचे काठ. शेवटी नजर त्या पिंपावर गेली. झाकणांवर तपकिरी, चिकट साय चढली होती. पाहुणा पिंप उघडणार आणि नाक मुरडणार! भाची बिचारी एकटी किती करणार? मामांनी बाह्या वर केल्या. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात झाकणं बुडवली, ब्रशने घासली, मग औषधाचा अंशही माशांपर्यंत जाऊ नये म्हणून सात वेळा धुतली. एवढी काळजी घेतली हो त्या माणसाने! संध्याकाळी पिंपात लाल, निळी, पांढरी झाकणं नुकतीच दुकानातून आणल्यासारखी नाचत होती. मामा खूश होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी माशांनी खाणं अर्धवट सोडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते पाणी पडतं तिथे गर्दी करून, तोंडं वर काढून आ वासत होते. पाणी तर आरशासारखं नितळ! मामांनी भाचीने शिकवल्याप्रमाणे बाटलीत पाणी घेऊन अमोनिया तपासायच्या औषधाचे थेंब टाकले. रोज पिवळं राहणारं पाणी गडद हिरवं झालं. त्यांनी भाचीला फोन लावला.

"मी धुतलं गं."

"काय धुतलंत?"

"ती... झाकणं."

"मामा, तुम्ही माझे तीन महिने धुऊन टाकलेत."

"अगं, जंतू होते ते..."

"हो. पण आपले होते ना!"

ती दुपारी पोहोचली तोवर एकोणीस मासे गेले होते. मामांनीच ते एकेक करून उचलून ठेवले होते आणि शेजारी स्टुलावर खाली मान घालून बसले होते. भाची ओरडली नाही. ओरडली असती तर बरं, असं मामांना वाटलं. तिने माशांचं खाणं बंद केलं, टाकीतलं अर्धं पाणी काढून नळाचं औषध उडून गेलेलं साठवणीचं पाणी भरलं आणि हॉटेलवाल्याला दोन आठवडे थांबायची विनंती केली. तो थांबला, पण पुन्हा थांबणार नाही असं बजावून.

"दोन आठवड्यांत नवं बिऱ्हाड बसणार नाही," भाची म्हणाली. "जुन्यातले कुठे चार उरलेत का बघायला हवं. सांगा, तुमचा ब्रश कुठे पोचला नाही?"

मामांनी आठवून आठवून पाहिलं. जाळीपासून शेवटच्या पिंपापर्यंत फरशीखालून एक लांब पाईप गेला होता. तिथे हात जात नव्हता, म्हणून राहिला होता. मामांनी तो खोलला, आडवे झाले, खांद्यापर्यंत हात आत घातला. आतल्या अंगाला तीच चिकट साय होती. केंद्रात असती तर त्यांनी नाकाला रुमाल लावून खरवडून फेकली असती. आता ते जुन्या चमच्याने ती हळूहळू काढत होते, एकही थेंब सांडू नये म्हणून खाली वाटी धरून. तूप वाढतानाही मामी एवढं जपत नसतील. ती वाटी त्यांनी स्वतः झाकणांत ओतली.

मग वाट बघणं. रोज सकाळी थेंब टाकायचे. हिरवं. हिरवं. पाचव्या दिवशी फिकट हिरवं. मामा घरी जेवायला बसले तरी लक्ष तिकडेच. मामी म्हणाल्या, "कुणी बाळंत व्हायचंय का तिकडे?" आठव्या दिवशी हिरव्यात पिवळी झाक आली. बाराव्या दिवशी भाचीने बाटली उजेडाला धरली आणि पाणी नुसतं पिवळं होतं. तिने बाटली मामांच्या हातात दिली. कुठली जाळी नाही, कुठली वाळू नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या कुणीतरी बारा दिवस खपून विष साफ केलं होतं, आणि वर भाजीला खतही दिलं होतं. एकतीस वर्षं पाणी स्वच्छ करणारे आपणच, असं मामा समजत होते.

"एवढे दिवस मी यांनाच मारत होतो गं," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"तिथे मारायलाच हवे होते, मामा. ते पाणी माणसं पिणार होती. इथली गोष्ट वेगळी."

हॉटेलवाला आला, मासे पाहिले, भाजी चाखली, पिंपाचं झाकण उघडून "हे काय?" म्हणून नाक मुरडलंच. मामांनी त्याला समोर उभं करून अर्धा तास समजावलं. सौदा झाला. करार करायला भाचीला पुन्हा दोन दिवस परगावी जायचं होतं. तिने किल्ली पुढे केली तर मामा दोन पावलं मागे सरले.

"नको गं, दुसरं कुणीतरी बघ."

"दुसऱ्या कुणाला या जिवाणूंची एवढी काळजी वाटेल? धरा."

ती गेली. मामांनी माशांना खाणं टाकलं, थेंब टाकून पाहिले. पिवळं. मग हात पाठीमागे बांधून ते त्या पिंपाशी गेले. झाकणांवर तपकिरी साय पुन्हा धरू लागली होती, बुडबुड्यांवर सगळं खदखदत होतं. आजूबाजूला कुणी नाही याची त्यांनी खात्री करून घेतली, पिंपावर वाकले आणि हळूच विचारलं,

"जेवलात का?"