काचेची भिंत

माझी मैत्रीण नीलिमा हिच्या जुन्नरजवळच्या बंगल्यात आम्ही दोघी दोन दिवस अडकून पडलो होतो. शिवारात बिबट्या फिरत होता. बाहेर पडू नका, असा वनखात्याचा निरोप होता. मग कॅरम खेळलो, कपाटं आवरली, पुन्हा कॅरम मांडला.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी तो आलाच. दिवाणखान्याच्या काचेच्या भिंतीपलीकडे, हातभर अंतरावर, शांतपणे उभा राहिला.

"घाबरू नका ताई," घर सांभाळणाऱ्या कौसाबाई हळूच म्हणाल्या. "ही काच बाहेरनं आरशासारखी आहे. त्याला आपण दिसत नाही, तोच दिसतो."

एवढा पैसा ओतून माणूस रानात घर बांधतो ते यासाठीच असावं. आपण सगळं बघावं, आपल्याला मात्र कुणी बघू नये.

तो बराच वेळ बसून होता. अंधारून आलं तसं नीलिमाने सवयीने दिवे लावले आणि काचेतून तो नाहीसा झाला. तिथे आता कॅरमभोवती बसलेल्या आम्ही तिघीच होतो.

"गेला वाटतं," नीलिमा म्हणाली.

कौसाबाईंनी नकारार्थी मान हलवली. "तिथंच असंल. आता आपण दिसतोय त्याला."

दिवे मालवायला कुणीच उठलं नाही.